दोन चांगल्या गोष्टी, एक सूचना

सुलोचना मिश्रांच्या नियमावलीत चौदा नियम होते आणि त्यांतला एकही उगाच केलेला नव्हता. अख्ख्या ओडिशात लिहिणाऱ्यांसाठी एवढी सभ्य जागा दुसरी नाही, असं त्या म्हणत आणि म्हणताना चष्मा काढून पुसत. बाकीच्या साहित्यिक ग्रुपांत काय चालतं ते आम्ही कटकच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं सकाळी एखादा कविता टाकतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. सुलोचनाबाईंच्या 'कथाआसर' या ग्रुपमध्ये तसं कधी झालं नाही. चारशे बारा सभासद, साडेतीन वर्षं, आणि भांडण एकही नाही.

नियम कुठून आले तेही सांगायला हवं, नाहीतर अपांवर अन्याय होईल. सगळे सुलोचनाबाईंना अपाच म्हणत, म्हणजे मोठी बहीण. वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. ग्रुप नवा असताना एका कॉलेजातल्या मुलीनं आयुष्यातली पहिली कविता टाकली आणि एका निवृत्त प्राध्यापकांनी तीत बेचाळीस चुका काढून दाखवल्या. मुलगी गेली ती गेलीच. अपांनी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला; पुस्तकाचं पान फाटलं तरी त्यांना जेवण जात नसे.  तिसऱ्या दिवशी दुसरा नियम आला: कुणाच्याही लेखनाबद्दल आधी दोन चांगल्या गोष्टी लिहाव्यात, मग एकच सूचना करावी.

सातवा नियम बालेश्वरच्या एका बाईमुळं आला. तिनं दारुड्या नवऱ्याची गोष्ट लिहिली आणि खाली लोकांनी विचारायला सुरुवात केली, हे खरं आहे का, हा तुमचाच नवरा का. त्या विचारण्यामुळं तिला घरी काय भोगावं लागलं ते तिनं अपांना फोनवर सांगितलं. तेव्हापासून 'कथाआसर'मध्ये लेखकाला 'हे खरं आहे का' असं विचारायला बंदी. इथं येणारी प्रत्येक ओळ लेखन म्हणूनच वाचायची. नुसता नियम करून अपा थांबल्या नाहीत. त्यांनी भाच्याला बसवून ग्रुपला चाळणी लावून घेतली. ते शब्द असलेली कमेंट आपोआप बाजूला पडायची, कुणालाही दिसायची नाही.

अकराव्या नियमानं फोन नंबर, पत्ते आणि फोटो बंद झाले. तेराव्यानं प्रत्येक कमेंटला उत्तर देऊन आभार मानणं सक्तीचं झालं. नियम पाळायला लोक कुरकुरत, पण पाळत. एक माणूस मात्र ते मनापासून पाळायचा. ते म्हणजे कुळमणी जेना.

कुळमणीबाबू एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त सब-पोस्टमास्तर, राहायला कटकातल्या बिदानासीत. त्यांचं लेखन म्हणजे टपालखात्यातल्या आठवणी, एका बोटानं टाइप केलेल्या. नियमावलीची त्यांनी छापील प्रत काढून भिंतीवर लावली होती. त्यांच्या बायकोला, सेबतीला, दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार जडला होता, हे ग्रुपवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

कार्तिक महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेसातला अपा खलात वेलची कुटत होत्या. शेजारी फोन उभा करून ठेवलेला, कारण कुठलीही पोस्ट त्यांनी पास केल्याशिवाय ग्रुपवर जात नसे. कुळमणीबाबूंची पोस्ट आली. अपांनी वर वर नजर टाकली. फोटो होता, शेवटी फोन नंबर होता, शीर्षक नव्हतं आणि शब्द निदान शंभर हवेत तिथं जेमतेम साठ. तीन नियम एका दमात मोडले होते. असं या माणसाकडून कधी झालं नव्हतं, याचं अपांना नवल वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं ते एवढंच, की वय झालं बिचाऱ्याचं. त्यांनी तयार मजकूर पाठवला: 'प्रिय लेखक, आपलं लेखन आम्हाला हवं आहे. कृपया नियम चार, पाच आणि अकरा पाहून पुन्हा पाठवावं.' आणि पोस्ट परत केली. परत केलेली पोस्ट तिथं उरत नाही, पुसली जाते.

त्या वेळी कुळमणीबाबू बिदानासीच्या बाजारात भाजीवाल्यांच्या मधे उभे होते. चौकीत सेबती हरवल्याची वर्दी देऊन झाली होती, शेजारचे दोघं सायकली घेऊन बाहेर पडले होते. आता आणखी कुणाला सांगावं असा विचार करताना त्यांना 'कथाआसर' आठवलं. चारशे बारा माणसं, त्यांतली निदान शंभर कटकातली. परत आलेला मजकूर त्यांनी वाचला. अडतीस वर्षं लोकांचे अर्ज 'रकाना भरलेला नाही' म्हणून परत पाठवलेला माणूस तो. त्याला यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी फोटो काढला, नंबर काढला, 'शोध' असं शीर्षक दिलं. आता शंभर शब्द भरायचे होते.

खोटं काही घालता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खरं होतं तेच आणखी घातलं. सेबती पांढऱ्या साडीत आहे, साडीचे काठ निळे. तिच्या एका पायात स्वतःची चप्पल आहे आणि दुसऱ्या पायात माझी. ती सकाळी दोनदा वेणी घालते, कारण पहिली घातल्याचं लक्षात राहत नाही. मी वर्तमानपत्र आणायला गेलो आणि दार नुसतं लोटलं होतं. ती चिडत नाही. नावानं हाक मारली की थांबते. एकशे चार शब्द झाले. भर बाजारात उभं राहून, एका बोटानं, त्यांना पाऊण तास लागला.

साडेआठला पोस्ट पुन्हा आली तेव्हा अपांनी ती नीट वाचली आणि हातातला बत्ता खाली ठेवला. साडेतीन वर्षं ग्रुपवर टपालाच्या पिशव्या वाहिल्यावर कुळमणीबाबूंची लेखणी आज खऱ्या साहित्यात उतरली, असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. हे सगळं आपल्या ग्रुपमुळं झालं, याचा अभिमानही वाटला. त्यांनी पोस्ट पास केली आणि वर ठळक चौकट लावली: आजचं वाचावंच असं.

कमेंट अशा आल्या की विचारू नका. इतकं साधं लिहिणं किती अवघड असतं, असं एकानं लिहिलं. नवऱ्याची चप्पल म्हणजे पतीचं अर्धं आयुष्यच तिच्यासोबत चालतं आहे, असं एका बाईंनी दाखवून दिलं आणि त्यांना तेवीस जणांनी दुजोरा दिला. सूचनाही नियमाप्रमाणे एकेकच होत्या. बायकोचं वय सांगायची गरज नव्हती. निळे काठ जुने झाले, दुसरा रंग पाहावा. भुवनेश्वरच्या एका कथालेखकांनी सुचवलं की ती शेवटपर्यंत सापडू नये, सापडली तर गोष्ट पडते.

प्रत्येकाखाली कुळमणीबाबूंचे आभार होते, तेराव्या नियमाप्रमाणे. 'धन्यवाद. आपण कृपया लक्ष ठेवावे.' सगळीकडे तेच वाक्य. आपल्या लेखनाकडे लक्ष ठेवा असं म्हातारा नम्रपणे म्हणतो आहे, अशीच सगळ्यांची समजूत झाली.

अकराच्या सुमारास अनादी स्वाइँ यांची कविता आली. अनादी विमा कंपनीत कामाला आणि सुट्टीच्या दिवशी कवी. कवितेत नदी होती, पायऱ्या होत्या, कार्तिकस्नान करून गेलेल्या बायकांची पुसट रांगोळी होती, आणि एक म्हातारी होती जी येणाऱ्याजाणाऱ्याला कुणा एका बहिणीचं घर विचारत होती. शेवटची ओळ अशी: एक पाऊल तिचं, एक पाऊल त्याचं, दोन वहाणा दोन गावच्या. अपांनी कविता पास केली. पाच मिनिटांत तक्रार आली की वहाणांची प्रतिमा सकाळच्या 'शोध'मधून सरळ उचलली आहे.

चोरीबद्दल अपा फार कडक. त्यांनी अनादीला ताकीद लिहिली. अनादीला ते लागलं. त्यानं उलट लिहिलं, "अपा, मी 'शोध' वाचलेलंच नाही. चप्पल मी आज सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिली." चोरी पकडली गेली की सगळे कवी हेच सांगतात, असा अपांचा साडेतीन वर्षांचा अनुभव होता. त्यांनी कवितेखाली 'प्रेरणा: कुळमणी जेना' अशी ओळ घालायला लावली. अनादीनं घातली, पण घुश्शात.

साडेबारा वाजता अपा जेवायला बसल्या. ताटाशेजारी फोन. आपण 'शोध'वर काही लिहिलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि लाज वाटली. त्यांनी लिहिलं: भाषा स्वच्छ आहे, वेणीचा तपशील मनात राहतो. मग सूचना: शेवट लोंबकळत राहिला आहे, पुढं तिचं काय झालं हे वाचकाला कळायला हवं.

उत्तर लगेच आलं. "होय अपा. मलाही कळायला हवं."

घास हातातच राहिला. अपांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग वर जाऊन सकाळपासूनची सगळी उत्तरं वाचली, एकापाठोपाठ एक. कृपया लक्ष ठेवावे. कृपया लक्ष ठेवावे. सत्तावन्न वेळा. आणि एका ठिकाणी, जिथं कुणीतरी काठांचा रंग बदलायला सांगितलं होतं, तिथं कुळमणीबाबूंनी लिहिलं होतं, 'धन्यवाद. काठ निळेच आहेत, कृपया निळेच पाहावेत.' 

त्यांनी घाईघाईनं टाइप केलं, कुळमणीबाबू, हे खरं आहे का? पाठवलं. कमेंट दिसेना. पुन्हा पाठवली. पुन्हा नाहीशी. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला की चाळणी ॲडमिनलाही सोडत नाही. भाच्याला त्यांनीच तसं बजावलं होतं, नियम सगळ्यांना सारखा म्हणून. बाजूला पडलेल्या कमेंट कुठं जमतात ते त्यांनी आजवर कधी उघडून पाहिलं नव्हतं. आज उघडलं. तिथं सकाळपासून तीन जणांनी तेच विचारलेलं पडून होतं. कॉलेज चौकातल्या एका नर्सबाईंनी आठ वाजून पन्नास मिनिटांनी लिहिलं होतं, "हे खरं आहे का? खरं असेल तर मी आत्ता निघते. कुठं यायचं ते सांगा."

अपा तशाच उष्ट्या हातानं उठल्या. दुसरे शब्द वापरून त्यांनी लिहिलं, "कुळमणीबाबू, तुमचा फोन नंबर द्या."

"अपा, नियम अकरा."

"नियम गेले चुलीत. नंबर द्या!"

 नियमावली करणाऱ्या बाईनं असं म्हणावं, हे म्हाताऱ्याच्या पचनी पडायला वेळ लागत असावा. मग दहा आकडे आले. अपांनी फोन लावला.

"सेबती... घरी आली का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही आली. सकाळी सहाला गेलीय. मी ग्रुपवर टाकलंय, अपा. लोक वाचतायत. चांगलं म्हणतायत सगळे."

त्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर अपांना बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की फोन हातात धरून ठेवा, मी थोड्या वेळात पुन्हा करते. अनादीची कविता त्यांना आता कुठं आठवली होती. तिच्याखाली त्यांनी लिहिलं, हा कुठला घाट?

"अपा, कवितेत जागा महत्त्वाची नसते," अनादीनं उत्तर दिलं. त्याचा राग अजून गेला नव्हता.

"अनादी, मी हात जोडते. कविता बाजूला ठेव आणि घाटाचं नाव सांग."

"गडगडिया."

अपांच्या घरापासून, तुळसीपूरहून, गडगडिया घाट रिक्षानं फार तर दहा मिनिटं. ती दहा मिनिटं अपांना कशी गेली हे त्या आजही सांगत नाहीत. नदी आणि विसरणारी बाई, एवढ्या दोनच गोष्टी त्यांच्या डोक्यात होत्या. आपण एक नंबर पुसला, आणि त्या पुसण्यात पाच तास गेले. रिक्षावाल्याला त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं की चूक माझी आहे. त्याला वाटलं बाई पत्ता चुकल्या.

सेबती खालून चौथ्या पायरीवर बसली होती. काठ निळे होते. चपला दोन तऱ्हेच्या. समोर कार्तिकव्रताच्या बायकांनी काढलेली रांगोळी होती आणि ती पायाखाली येऊ नये म्हणून सेबतीनं पाय जवळ ओढून घेतले होते. कुणीतरी पुढ्यात केळी ठेवून गेलं होतं. अपांनी तिला नावानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं आणि ओळख असल्यासारखी हसली.

"तुम्ही इथल्याच का?" तिनं विचारलं. "सुलोचना अपाचं घर कुठं असेल? सकाळपासनं विचारतेय, कुणाला माहीतच नाही. एक जण इथंच बसून लिहीत होता, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, जरा अशाच बसा, हलू नका."

अपा तिच्याशेजारी बसल्या.  सुलोचना अपाकडे काय काम होतं, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"आमचे हे रोज वाचून दाखवतात ना. अपाकडे सगळे जमतात, कुणी कुणाला टाकून बोलत नाही, नि कुणी काही विचारत नाही. मला सारखं विचारतात हो सगळे. डॉक्टर विचारतात, सून विचारते, आज वार कुठला, मी कोण. नाही येत सांगता. म्हटलं, तिथं जाऊन बसावं जरा."

अपांना रडू आलं. त्या भर घाटावर, लोकांसमोर रडल्या, आणि सेबतीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्यांना काही विचारलं नाही.

कुळमणीबाबूंना फोन करून त्यांनी सेबतीला आपल्या घरी नेलं. दोन खोल्यांचं घर, पुस्तकांनी भरलेलं. सेबती खुर्चीवर नीट बसली, पदर सारखा केला, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाकीचे कुठं आहेत?"

 चारशे बारा माणसांतलं एकही त्या घराची पायरी चढलेलं नव्हतं. साडेतीन वर्षांत कुणाला बोलवावं असं त्यांना सुचलं नव्हतं. नियमांत ते बसतही नव्हतं. "येतील," अपा म्हणाल्या. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, डब्यातला अनारशासारखा आरिसा पिठा बशीत काढला. तेवढ्यात कुळमणीबाबू आले.  ते खाली बसले आणि सेबतीच्या पायातली आपली चप्पल काढून घेतली, आणि मग बराच वेळ ती हातातच धरून बसले.

सेबतीची नजर दाराकडे होती. तेव्हा अपांनी फोन घेतला आणि स्वतःच्या पोस्टमध्ये आपलेच नियम सरळ मोडले. सकाळचं 'शोध' खरं होतं. सेबती सापडली आहे, माझ्या घरी बसली आहे आणि तुमची वाट पाहते आहे. जे कटकात आहेत त्यांनी आत्ता चहाला यावं. तुळसीपूर, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, पिवळं घर, दारात शेवग्याचं झाड. खाली नाव आणि नंबर. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि मांडणीवरून कप काढायला सुरुवात केली, होते नव्हते तेवढे सगळे.

दहा मिनिटांत चौदा कमेंट आल्या. पहिल्यानं सकाळच्या गोष्टीचा हा पुढचा भाग जमून आल्याचं लिहिलं. दुसऱ्यानं सुचवलं की नियम करणारी बाई एका दिवसात एवढी बदलते हे पटत नाही, तिला थोडा वेळ द्यावा. अपांनी त्या कुळमणीबाबूंना वाचून दाखवल्या. ते मान डोलवत ऐकत राहिले.

दिवेलागणीपर्यंत दोघं जण आले. नर्सबाई, ड्यूटीच्या कपड्यांतच. आणि अनादी, मान खाली घालून. बाकी कप तसेच राहिले.

तिसरी कमेंट अशी होती: 'ओघ सुरेख आहे. चहाचं बोलावणं मनाला भिडतं. पत्ता मात्र रचलेला वाटतो. टाकी, पिवळं घर आणि शेवगा एकाच गल्लीत असणं जरा अतीच होतं.' ती माझी. मी त्याच टाकीच्या पलीकडच्या गल्लीत राहतो, आणि गच्चीवरून तो शेवगा मला रोज दिसतो.